वाचलेले मासे काय सांगतात

«काका, आमच्याकडे दीड वर्षापासून दोन फुटी फिश टँक आहे. दोन सिल्व्हर शार्क, तीन एंजल, दोन टायगर बार्ब, दोन निळे गुरामी, चार गप्पी आणि एक सकर. मागच्या रविवारी पाहुणे येणार म्हणून यांनी अख्खा टँक रिकामा करून चकाचक धुतला. खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला, नवीन पाणी भरलं, अँटी-क्लोरीनचे थेंबही टाकले. सोमवारी, मंगळवारी सगळे छान होते, फक्त जरा वर वर फिरत होते. बुधवारी रात्री दीडला लाइन गेली ती साडेचारला आली. सकाळी पाहते तर दोन्ही शार्क, तिन्ही एंजल, दोन्ही बार्ब आणि एक गप्पी मेलेले. थर्मामीटरची पट्टी ३४ दाखवत होती. कुणाच्या अंगावर डाग नाही, जखम नाही. दुकानदार म्हणतो इन्फेक्शन आहे, टँक पोटॅशने धुवा, निळं औषध टाका आणि नवीन मासे घेऊन जा. सासूबाई म्हणतात, घरावर काहीतरी येणार होतं ते माशांनी अंगावर घेतलं. हे दोन दिवस कुणाशी बोललेले नाहीत. आणि नऊ वर्षांची लेक विचारते, मी जास्त दाणे टाकले म्हणून मेले का? काय करू? टँकच काढून टाकू का?»

— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

ताई,

टँक काढू नका. आणि कृपा करून पुन्हा धुऊही नका. निळ्या औषधाची बाटली आणली असेल तर कपाटात ठेवून द्या.

तुमचं पत्र वाचून मी आधी जिवंत राहिलेल्यांची मोजदाद केली. दोन गुरामी, तीन गप्पी, एक सकर. ही यादी पाहिल्यावर माझी अर्धी शंका तिथेच फिटली.

गुरामीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक गुंतागुंतीचा अवयव असतो, त्याच्या जोरावर तो थेट हवेतला श्वास घेतो. एरवीही तो अधूनमधून वर येऊन तोंड उघडून जातो, ते त्यासाठीच. सकर तळाशी काचेला चिकटलेला दिसतो खरा, पण पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की तोही झपकन वर येऊन हवेचा घोट घेतो आणि ती हवा पोटात मुरवतो. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा, ज्यात हवेतला ऑक्सिजन नुकताच उतरलेला असतो, तो त्याला बरोबर टिपता येतो. डासांच्या अळ्या खायला आपल्याकडे गप्पी मासे हौदात, पडक्या विहिरीत सोडतात आणि तसल्या कोंदट पाण्यातही ते तगतात, त्यामागे हेही एक कारण आहे. शार्क, एंजल आणि बार्ब यांच्याकडे यातली एकही सोय नाही. त्यांना जे काही मिळायचं ते पाण्यातूनच.

म्हणजे एक गप्पी सोडला तर ज्यांना वर येऊन श्वास घेता येत होता ते राहिले आणि ज्यांना येत नव्हता ते गेले. कुठलंही इन्फेक्शन एका रात्रीत, अंगावर खूण न ठेवता, अशी नेमकी निवड करत नाही. मी टँक पाहिलेला नाही, पण पैज लावायची झाली तर गुदमरण्यावर लावीन. मेलेल्या माशांची तोंडं उघडी आणि कल्ले फाकलेले होते का, आठवून बघा. पुरले असतील तर आता उकरायला नको.

दोन संशयित आधी बाजूला काढतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन असतं तर त्याने रविवारीच, काही तासांत हिसका दाखवला असता. तीन दिवस थांबलं नसतं. शिवाय तुम्ही थेंब टाकले होते. दुसरा संशय झुरळ-डासांच्या स्प्रेचा. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे बंद खोलीत मारलेला स्प्रे थेट माशांपर्यंत जातो, आणि त्या औषधांपुढे मासे फार नाजूक. पण त्यात गुरामी आणि गप्पीही वेडेवाकडे गिरक्या घेत गेले असते. बुधवारी रात्री कुणी स्प्रे मारला नव्हता एवढी खात्री मात्र करून घ्या. पुढेही त्या खोलीत नकोच.

आता तुम्ही म्हणाल, तीन तास लाइन गेली म्हणून आठ मासे मरतात का? नागपुरात मे महिन्यात लाइन जाणं काही नवीन नाही. तुमच्याकडेही दीड वर्षात कितीदा गेली असेल. बरोबर. चांगला मुरलेला टँक तीन तास सहज काढतो. तुमचा काढू शकला नाही, कारण तो बुधवारी रात्री दीड वर्षांचा राहिलाच नव्हता. तीन दिवसांचा झाला होता.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम इथे आहे. मासा शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतूनच पाण्यात टाकतो. उरलेले दाणे आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. नदीत हे वाहून जातं, टँकमध्ये कुठे जाणार? तिथे ते काम जीवाणू करतात. एका जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विष, नायट्रेट बरंच निरुपद्रवी, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून बसतात खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजवर. स्पंजला हात लावला की लागणारा तो तपकिरी बुळबुळीतपणा म्हणजे बहुतांशी तीच वस्ती. नवीन टँकमध्ये ती वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे ती दीड वर्षं जमलेली होती. रविवारी खडे घासताना निम्मी गेली, उरलेली क्लोरीनच्या नळाखाली स्पंजातून पिळून निघाली. अँटी-क्लोरीनचे थेंब टँकमध्ये पडले, पण स्पंज धुतला तो साध्या नळाखाली.

सोमवारपासून चौदा माशांचा अमोनिया साठत गेला आणि तो पचवायला कुणी नव्हतं. तुम्ही सहज लिहून गेलात की मासे ‘जरा वर वर फिरत होते’. मला विचाराल तर अख्ख्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते. अमोनियाने कल्ले भाजतात, सुजतात. मासा वर येऊन सांगत होता की दम लागतोय.

त्यात आपला नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बराच सौम्य आणि एक जहाल. पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कली, तितका जहाल रूपाचा वाटा वाढतो. २५ अंशांवरून ३४ अंशांवर गेलं की तो वाटा जवळपास दुप्पट होतो, आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या अल्कलीपणाचा आकडा, ७ चा ८ झाला तर सुमारे दहापट. म्हणजे हीच धुलाई डिसेंबरात झाली असती तर कदाचित निभावून गेलं असतं.

‘गरम पाण्यात ऑक्सिजनच नसतो’ असं लोक म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. २५ अंशांच्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन एका लीटरमध्ये मावतो, ३४ अंशांना साधारण सात. फरक आहे, पण जीवघेणा नाही. जीवघेणं हे की गरम पाण्यात माशाच्या शरीराची भट्टी जोरात चालते आणि त्याची ऑक्सिजनची गरज भराभर वाढते. आवक घटलेली, खर्च वाढलेला, वर कल्ले आधीच भाजलेले. जे काही चाललं होतं ते पंपाच्या बुडबुड्यांवर चाललं होतं. दीडला ते थांबले.

आणि एक विचारतो, रागावू नका. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना? त्या रात्री पंखा चालू होता, बहुतेक वायफायचा डबाही चालू होता. टँकचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का? मी आजवर ज्या ज्या घरी हे विचारलं, तिथे नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलंय. घरातला छोटा एअर पंप दोन-पाच वॉट घेतो. पंख्याच्या मानाने काहीच नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून तो प्लग इन्व्हर्टरवर घ्या, तोवर लांब वायरचा बोर्ड ओढा. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारे पंप मिळतात, लाइन गेली की आपोआप सुरू होणारे. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवलेला असेल तर नळीत एक उलटझडप बसवा, नाहीतर लाइन गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन फरशीवर.

आता सहा जिवांकडे या. गुरामी ऑक्सिजनच्या मारातून सुटला, अमोनियाच्या नाही. त्यालाही कल्ले आहेत.

आज आणि उद्या दाणे बंद. धडधाकट मासा दोन दिवस उपाशी राहिला तर त्याला काहीही होत नाही. तुमच्या टँकमध्ये, खडे वगैरे वजा करता, पंचावन्न लीटरच्या आसपास पाणी असेल. त्यातलं चौथाई म्हणजे साधारण एक बादली. पुढचे निदान दहा दिवस रोज एक बादली काढायची, एक बादली घालायची. घालायचं पाणी आदल्या रात्रीच भरून, थेंब टाकून, त्याच खोलीत ठेवा म्हणजे तापमान सारखं होईल. दुपारी नळाचं पाणी थेट टँकमध्ये कधीच नको. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याने मे महिन्यात आपले हात पोळतात, माशांचं काय होईल? बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा जड असतं. दीड वर्ष तेच वापरत आला असाल तर तेच ठेवा, मध्येच बदल नको.

थेंबांची टेस्ट किट विकत घ्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्हीची. दोन्ही आकडे शून्य हवेत. अर्ध्या पीपीएमच्या, म्हणजे लीटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या, वर गेले तर त्या दिवशी एकाऐवजी दोन बादल्या, एक सकाळी, एक संध्याकाळी. आधी अमोनिया चढेल आणि उतरेल. तो शून्य दिसला की माणूस खुश होऊन सोडून देतो, आणि नेमकं तेव्हाच नायट्राइट चढतं. नायट्राइटने माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि ऑक्सिजन वाहीनासं होतं, पाण्यात भरपूर ऑक्सिजन असला तरी मासा गुदमरतो. तेव्हा दुसराही शून्यावर येईपर्यंत बादली सोडू नका.

ओळखीत कुणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या स्पंजाचा एक तुकडा मागा, किंवा त्यांचा स्पंज टँकच्याच पाण्यात पिळून तो गढूळ रस घेऊन या. दिसायला घाण असतो. विरजणासारखं काम करतो. दह्यासाठी शेजारी जातोच ना आपण? वस्ती लवकर बसते.

निळं औषध आणि पोटॅश का नको, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. दोन्ही जीवाणू मारतात. टँकमध्ये आत्ता जी चार-दोन कुटुंबं उरली असतील तीही जातील. दुकानदाराला मी वाईट म्हणत नाही. मासे मेले की औषध द्यायचं, ही त्यांची सवय. पण दोन फुटात दोन सिल्व्हर शार्क त्यांनीच विकले ना? दुकानात बोटाएवढा दिसणारा तो मासा वाढून फूटभर होतो. तुमचा टँकच दोन फूट लांब. आज ना उद्या ते अडचणीत येणारच होते.

तापमानाचं. झाकण काढून वर जाळी टाका आणि छोटा टेबल पंखा पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा लावा. तुमचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्यात उतरणार नाहीत, पण तेव्हा गरजही नसते. पाणी रोज आटेल तेवढी भर घालत राहा, पण ती भर म्हणजे पाणी बदलणं नव्हे. आटताना पाणी जातं, त्यातले क्षार आणि घाण मागेच राहतात. हीटर लावलेला असेल तर तो आत्ता प्लगमधून काढा. थंडीत लागतो आपल्याकडे, पण त्याचा थर्मोस्टॅट अडकला तर मे महिन्यात रस्सा होतो. बर्फाची बाटली टँकमध्ये सोडायचा सल्ला कुणीतरी देईलच. तासाभरात पाणी चार-पाच अंश घसरतं आणि बाटली वितळली की पुन्हा चढतं. त्यापेक्षा एकसारखं ३२ परवडलं.

आता घरातल्या माणसांचं.

तुमच्या यजमानांना सांगा, हे मी पण केलंय. धुऊन लख्ख करणं ही आपल्या हाताला लागलेली सवय. एका संक्रांतीला सुट्टी होती म्हणून मी तीन फुटी टँक अंगणात नेऊन निरम्याशिवाय सगळं वापरून धुतला होता. आठवड्यात एक मासा उरला. त्यांनी आळस केला असता तर मासे जगले असते, हे त्यांना सांगण्यात काही हशील नाही, पण हे सांगा की पुढच्या वेळी स्पंज टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यातच दोनदा दाबायचा, खडे एका वेळी निम्मेच हलवायचे आणि पाणी कधीही चौथाईच्या वर एकदम बदलायचं नाही. काम त्यांच्याकडेच राहू द्या. ज्याच्या हातून झालं त्याच्या हातूनच सुधारलं की माणूस बोलायला लागतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. माशांनी संकट अंगावर घेतलं, हे आपल्याकडे कितीतरी घरांत म्हणतात, आणि त्यात मेलेल्या जिवाबद्दल एक कृतज्ञता आहे, ती मला आवडते. माझी अडचण वेगळी आहे. एकदा संकट टळलं म्हटलं की कुणी पाणी तपासत नाही. लोक संध्याकाळी नवीन मासे आणतात, त्याच पाण्यात सोडतात, पंधरा दिवसांनी तेही एक संकट अंगावर घेतात. त्यांना हवं तर हात जोडू द्या. तुम्ही पाणी मोजा.

लेकीला खरं सांगा. ‘नाही बेटा, तुझं काहीच नाही’ म्हटलंत तर ती गप्प बसेल पण पटणार नाही, नऊ वर्षांच्या मुलांना कळतं. जास्तीचे दाणे कुजून अमोनिया वाढतो, हे खरं आहे. पण चिमूटभर जास्त दाण्यांनी आठ मासे मरत नाहीत. मुरलेल्या टँकने ते पचवले असते, आणि टँक मुरलेला राहिला नव्हता, त्यात तिचा हात नव्हता. मग टेस्ट किट तिच्या ताब्यात द्या. नळीत पाणी घ्यायचं, थेंब मोजायचे, रंग कार्डाशी जुळवायचा, वहीत तारीख आणि आकडा लिहायचा. शाळेला सुट्टीच आहे. परवापासून दाणे द्यायचे तेही तिनेच द्यावेत, दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच. सकरसाठी रात्री काकडीची एक चकती टाकायची आणि सकाळी उरलेली काढायची.

नवीन मासे निदान सहा आठवडे नकोत, आणि वहीत सलग दहा दिवस दोन्ही आकडे शून्य दिसेपर्यंत तर नकोतच. म्हणजे मृग कोसळून, पाणी निवून, जुलै उजाडेल. मग पाच-सहा छोटे टेट्रा आणा, एका वेळी तीन. दोन इंचांवर न वाढणारे. शार्क पुन्हा नको. सकरही एक दिवस फूटभर होईल, तेव्हा तो मोठ्या टँकवाल्याला द्या किंवा दुकानात परत करा. अंबाझरी किंवा फुटाळा तलावात सोडून पुण्य मिळवू नका. तो इथला मासा नाही, तळ्यात वाढला तर इथल्या माशांचं खाणं आणि जागा बळकावतो.

वहीतले पहिले दहा आकडे मला पाठवा. आणि इन्व्हर्टरचा प्लग उद्यावर टाकू नका, आज रात्रीही लाइन जाऊ शकते.